लॅपटॉपची ताकद आणि बॅटरीचा तग

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की आमच्या नांदुऱ्याच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो. "काकाजी, मुलीला कॉम्प्युटरला प्रवेश मिळतो आहे, लॅपटॉप कोणता घ्यावा?" विचारणारे बहुधा समाजातील किंवा नेहमीच्या उठबशीतील पालक असतात. मी डाळीचा आणि सरकीचा व्यापारी. संगणकाशी माझा संबंध जीएसटीच्या विवरणपत्रापुरता. तरीही प्रश्न माझ्याकडे येतो, कारण या बाबतीत आमच्या घराने एकदा चुकीची खरेदी करून तिची पुरती किंमत मोजली आणि दुसरी खरेदी वही-पेन घेऊन बसून केली, हे गावाला ठाऊक आहे. प्रत्येकाला दुकानात बसवून हे सांगणे होत नाही, म्हणून येथे लिहितो.

पहिली खरेदी चार वर्षांपूर्वीची. पुतणी शेगावला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात गेली होती. १९८३ साली शेगावात अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाल्यापासून आमच्या भागातील कितीतरी मुलामुलींना घरी राहून शिकता आले. नांदुरा ते शेगाव हा रेल्वेने साधारण अर्ध्या तासाचा रस्ता, त्यामुळे रोजचे अप-डाऊन सहज जमते. तिला प्रोग्रामिंगसाठी लॅपटॉप हवा होता. थोरले बंधू, म्हणजे तिचे वडील, आणि मी मोठ्या शहरातील एका दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, काम काय? आम्ही म्हटले, प्रोग्रामिंग. त्याने लगेच गेमिंगचा लॅपटॉप समोर ठेवला. "यापेक्षा पॉवरफुल या किमतीत मिळणार नाही." किल्ल्यांखाली रंगीबेरंगी दिवे, वेगळे ग्राफिक्स कार्ड, वजन २.४ किलो, आणि विटेएवढा चार्जर. किंमत ८४ हजार. बॅटरीबद्दल आम्ही विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. मेमरी किती, हे विचारायचे असते हेही आम्हांला ठाऊक नव्हते. ती होती ८ जीबी.

पहिल्याच महिन्यात उलगडा झाला. दुसरा तास संपेपर्यंत बॅटरी संपे. प्रयोगशाळेत सॉकेटजवळची जागा मिळावी म्हणून ती आधीची गाडी पकडू लागली. खांद्यावर लॅपटॉप आणि चार्जर मिळून तीन किलोंचे ओझे. मुलीने तक्रार केली नाही. घरातील पैसा कसा येतो हे ती पाहत होती. शिक्षण संपले, पुण्यातील एका लहान कंपनीत काम मिळाले. ही कंपनी लॅपटॉप देत नाही, स्वतःचा वापरावा लागतो. म्हणून तोच लॅपटॉप पुण्याला गेला. तिथे तो कायम टेबलावर, कायम प्लगला जोडलेला. त्यामुळे अडचण झाकली गेली.

गेल्या वर्षी बंधूंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. घरात वहिनी, अकरावीत शिकणारा पुतण्या आणि मी. पुतणीने कंपनीला विनंती केली की नांदुऱ्याहून काम करू द्यावे, आणि कंपनीने ती मान्य केली. आता हा लॅपटॉप म्हणजे निव्वळ अभ्यासाची वस्तू राहिली नाही. मुलीने वडिलांजवळ राहावे की पुण्याला परतावे, हे त्याच्यावर ठरणार होते. फक्त आम्हांला ते तेव्हा कळले नव्हते.

कळले ते एका अवकाळी पावसाच्या रात्री. वादळात आमच्या भागातील डीपी जळाली आणि वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. नेमके त्याच रात्री तिच्या कामाची नवी आवृत्ती ग्राहकाच्या सर्व्हरवर चढवायची होती. लॅपटॉपने पाऊण तास दम धरला. मग तिने चार्जर इन्व्हर्टरवर लावला. पण त्याच इन्व्हर्टरवर बंधूंच्या हवेच्या गादीचा पंप आणि पंखा चालत होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ही गादी असते. तिचा पंप बंद ठेवून चालत नाही. गेमिंगचा लॅपटॉप काम करता करता चार्ज होत असला की शंभर-सव्वाशे वॅट सहज ओढतो. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी. तिचा दिवा लाल झाला तेव्हा पुतणीने कोणाला न विचारता आपला चार्जर काढला. काम अर्धवट राहिले. सकाळी वरिष्ठांनी सौम्य शब्दांतच सांगितले, पण सांगितले: महिनाभर पाहू, असे पुन्हा झाले तर पुण्याला यावे लागेल.

त्या दिवसापासून आम्ही दोघे रोजमेळ घेऊन बसलो.

बॅटरीचा रोजमेळ

व्यापाऱ्याला समजेल अशीच ही गोष्ट आहे. बॅटरीवर 'वॅट-अवर' असा एक आकडा छापलेला असतो. ती जमा. लॅपटॉप दर तासाला जितके वॅट खातो, तो खर्च. जमेला खर्चाने भागले की तास निघतात. ६० वॅट-अवरची बॅटरी आणि ६ वॅटचा खर्च असेल तर दहा तास; तोच खर्च ४० वॅटवर गेला तर दीड तास. इतका साधा भागाकार आहे, आणि तो दुकानात कोणी मांडून दाखवत नाही. जाहिरातीत थेट 'अठरा तास' लिहितात. ते तास बहुधा पडद्याचा उजेड कमी करून, एखादी चित्रफीत लावून मोजलेले असतात. प्रोग्रामिंगच्या कामात त्याचे निम्मे हाती लागले तरी समाधान मानावे, असा आमचा अनुभव.

विंडोजमध्ये जमेचा खरा आकडा पाहण्याची सोय आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी' या आज्ञेला 'बॅटरीरिपोर्ट' हा पर्याय जोडला की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसते. आमच्या लॅपटॉपची मूळ क्षमता ४८ वॅट-अवर होती. चार वर्षांनी ती ३० उरली होती. नुसते लिहिताना-वाचताना तो १५ वॅट खात होता, म्हणजे दोन तास. प्रोग्राम बांधायला घेतला, सोबत ब्राउझर आणि कंटेनर चालू असले, की ४० वॅट. म्हणजे पाऊण तास. वादळाच्या रात्री घडले ते या भागाकाराप्रमाणेच घडले होते.

दुसरी गोष्ट अधिक बोचली. तिच्या प्रकल्पाची पूर्ण बांधणी प्लग जोडलेला असताना सहा मिनिटांत होई. बॅटरीवर तिलाच अकरा मिनिटे लागत. अशा यंत्रांचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून जेवढी वीज मागतात, तेवढी बॅटरी एका वेळी देऊच शकत नाही. म्हणून प्लग काढला की यंत्र स्वतःचा वेग उतरवते. ज्या ताकदीसाठी ८४ हजार मोजले, ती भिंतीच्या सॉकेटपुरतीच होती.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्याच अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे सुपुत्र डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. देशाला त्याचा अभिमान वाटला आणि तो रास्तच होता. आज शाळकरी मुलाच्या लॅपटॉपची गणनाची ताकद त्याहून कितीतरी पटींनी मोठी आहे. त्याच १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण एक किलो बॅटरीत मावणारी वीज या तीस-बत्तीस वर्षांत साधारण तिपटी-चौपटीनेच वाढली. ताकद हजारो पटींनी वाढली आणि तग तिपटी-चौपटीने. त्याआधी १९८९ साली ॲपलने मॅकिंटॉश पोर्टेबल नावाचा उचलता येईल असा संगणक काढला होता. त्यात आपल्या इन्व्हर्टरसारखीच शिसे-आम्लाची बॅटरी होती आणि त्याचे वजन सात किलोंवर होते. तेव्हा दुकानदाराने कितीही 'पॉवरफुल' म्हटले, तरी या दोन गोष्टींतली दुर्मीळ कोणती, हे आपण ध्यानात ठेवावे.

काय पाहावे

प्रोग्रामिंगला खरोखर काय लागते, याची पुतणीने पंधरा दिवस नोंद ठेवली. निघाले ते असे की तिचे यंत्र प्रोसेसरसाठी फारसे अडत नव्हते. ते मेमरीसाठी अडत होते. ८ जीबी मेमरी भरली की संगणक उरलेला पसारा डिस्कवर नेऊन ठेवतो आणि पुन्हा पुन्हा आणतो. वखार लहान असल्यावर हमालांच्या खेपा वाढतात, तसे. त्यात वेळही जातो आणि वीजही. म्हणून माझे पहिले सांगणे असे: विद्यार्थ्यासाठी १६ जीबीपेक्षा कमी मेमरी घेऊ नये आणि मोबाइल ॲप, कंटेनर किंवा एका संगणकात दुसरा संगणक चालवण्याचे काम असेल, तर ३२ जीबी घ्यावी. आणि ती आजच घ्यावी, कारण पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बहुधा मदरबोर्डवर कायमची बसवलेली असते. पुढे वाढवता येत नाही. हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे आणि शक्य तर बिलावर लिहून घ्यावे. डिस्क एसएसडीच असावी, ५१२ जीबी पुरते.

प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी असलेल्या अक्षराकडे पालकांचे लक्ष जात नाही. इंटेलच्या बऱ्याच पिढ्यांत 'यू' हे अक्षर कमी विजेवर चालणाऱ्या, साधारण १५ वॅटच्या प्रोसेसरचे आहे. 'एच' हे ४५ वॅटच्या, आणि 'एचएक्स' त्याहून भुकेल्या. एएमडीकडेही साधारण अशीच अक्षरे आहेत. नावे दर वर्षी बदलतात, तेव्हा अक्षरावर विसंबून न राहता वॅटचा आकडा विचारणे बरे. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलने एम-१ हा मोबाइलच्या घराण्यातील प्रोसेसर लॅपटॉपमध्ये आणला आणि कमी विजेत जोरकस काम होऊ शकते हे सिद्ध केले. पुढे २०२४ मध्ये विंडोजच्या बाजूलाही क्वालकॉमचे तसे लॅपटॉप आले. तग हवा असेल तर हे उत्तमच. फक्त महाविद्यालयात किंवा कंपनीत जे सॉफ्टवेअर वापरतात ते त्यावर चालते का, हे आधी विचारून घ्यावे. जुनी काही सॉफ्टवेअर आणि प्रयोगशाळेतील काही यंत्रे त्याच्याशी जुळत नाहीत.

वेगळे ग्राफिक्स कार्ड कोणाला लागते? गेम तयार करणाऱ्याला, त्रिमिती चित्रांचे काम करणाऱ्याला, कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे स्वतःच्या यंत्रावर शिकवणाऱ्याला. जावा, पायथन, वेबसाइट, डेटाबेस या कामांना ते लागत नाही. पुतणीचे कार्ड चार वर्षे बहुतेक वेळ रिकामे बसून वीज खात होते. पडद्याचेही तसेच. दर सेकंदाला १४४ वेळा ताजा होणारा पडदा खेळाला बरा. कोड वाचायला ६० पुरे, आणि सेटिंगमध्ये तो उतरवता येतो.

बॅटरीच्या आकाराला मात्र एक मर्यादा आहे आणि ती विमानाने घातली आहे. विमानप्रवासात विशेष परवानगीशिवाय १०० वॅट-अवरपर्यंतचीच बॅटरी सोबत नेता येते, म्हणून मोठे लॅपटॉपही ९९ वर येऊन थांबतात. आपण ६० ते ७५ च्या दरम्यान पाहावे. चार्जिंग यूएसबी-सीवर होणारे असावे, म्हणजे एक ६५ वॅटचा चार्जर लॅपटॉपला आणि मोबाइललाही चालतो, आणि गावात चार्जर बिघडला तर कोणाचा तरी मागता येतो. गेमिंगच्या लॅपटॉपचा खास चार्जर आम्हांला एकदा कुरियरने मागवावा लागला होता. पाच दिवस गेले.

डेस्कटॉप घ्यावा का, असेही काही जण विचारतात. घरातच बसून काम असेल तर त्याच पैशांत तो अधिक जोरकस मिळतो, हे खरे. पण वीज गेली की साध्या यूपीएसवर तो जेमतेम काम जतन करण्यापुरता टिकतो. ज्या गावात वीज जाते, तिथे लॅपटॉपची बॅटरी हाच खरा यूपीएस आहे, असे माझे मत झाले आहे.

घाटाखालचे ऊन

आमचा जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा विभागलेला. बुलढाणा, चिखली वर, थंड हवेत. नांदुरा, मलकापूर, शेगाव खाली, पूर्णेच्या खोऱ्यात. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. ॲपल आपले लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावेत असे सांगते. इतर कंपन्यांच्या पुस्तिकेतही ३५ किंवा ४० असेच आकडे असतात. म्हणजे आमच्या उन्हाळ्याची दुपार त्या हिशेबात बसतच नाही. लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी विशेष मानवत नाहीत: उष्णता आणि कायम शंभर टक्के भरलेले राहणे. आमच्या लॅपटॉपने नांदुऱ्याच्या उन्हाळ्यांत आणि पुण्याच्या टेबलावर दोन्ही भोगले. साधारण ५०० ते १००० वेळा पूर्ण भरून रिकामी होईपर्यंत चांगली बॅटरी ८० टक्के क्षमता राखते. आमची त्याआधीच ६० च्या घरात आली.

बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. रोज प्लगवर काम असेल तर ती चालू ठेवावी, आणि वादळाची चिन्हे दिसली की काढावी. लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवू नये. कूलरच्या थेट झोतातही नको. त्या हवेत पाण्याचा अंश असतो. आणि आमच्या भागाचे खास दुखणे म्हणजे रुई. नांदुरा-खामगावचा परिसर कापसाचा. हंगामात तंतू हवेत तरंगतात आणि लॅपटॉपच्या पंख्यात जाऊन बसतात. पुतणीचा जुना लॅपटॉप उघडला तेव्हा पंख्याच्या तोंडाशी नमद्यासारखा थर निघाला. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, तो साफ करून घ्यावा. बॅटरी फुगून टचपॅड वर आलेले दिसले तर लॅपटॉप तत्काळ बंद करावा. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, घरी उघडू नये.

विजेची बाजूही पाहावी लागली. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या इन्व्हर्टर बॅटरीत कागदावर १८०० वॅट-अवर असतात. जुनी झाली की प्रत्यक्षात निम्मेही मिळत नाहीत. ती आम्ही बदलली. इंटरनेटच्या राउटरसाठी हाताच्या पंजाएवढा छोटा यूपीएस मिळतो, तो घेतला. राउटर दहा-बारा वॅटवर चालतो, त्यामुळे काही तास निभावतात. मोबाइलच्या नेटवर नुसते विसंबू नये. वीज लांबली की टॉवरही मान टाकतो.

महिना संपण्याआधी नवा लॅपटॉप आला. ब्रँडचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे वाचले जाईपर्यंत ते मॉडेल बाजारात असेलच असे नाही. आकडे देतो: ३२ जीबी मेमरी, कमी विजेचा प्रोसेसर, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, १४ इंची पडदा, ७० वॅट-अवरची बॅटरी, वजन १.४ किलो, किंमत ९६ हजार. दुकानदाराच्या दृष्टीने जुन्यापेक्षा 'कमी पॉवरफुल'. तिच्या प्रकल्पाची बांधणी चार मिनिटांत होते, प्लगवरही आणि बॅटरीवरही जवळजवळ तेवढ्याच वेळात. नेहमीच्या कामाला सरासरी नऊ वॅट खातो. भागाकाराने पावणेआठ तास निघतात; प्रत्यक्षात साडेसहा-सात मिळतात. जोराचे काम सतत चालू ठेवले तर तीन तासांच्या आतच संपतो, हेही सांगितले पाहिजे.

जुना टाकला नाही. त्यात मेमरीची एक खाच रिकामी होती, तिथे ८ जीबीची आणखी एक पट्टी बसवली; कंपनीच्या अधिकृत केंद्रातून मूळची बॅटरी मागवली, पंखा साफ केला. तो आता पुतण्याच्या टेबलावर आहे. टेबलावरच राहणार असल्याने त्याचे वजन कोणाला जाणवत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा वादळ झाले. संध्याकाळी साडेसातला वीज गेली. पुतणीचे काम त्या रात्रीही होतेच. ती बंधूंच्या खाटेशेजारीच लॅपटॉप मांडीवरच्या पाटावर घेऊन बसली; इन्व्हर्टरवर पंखा आणि गादीचा पंप एवढेच चालू होते. साडेदहाला तिने काम संपल्याचे वरिष्ठांना कळवले आणि पडदा माझ्याकडे वळवला. ८० वरून ४१ टक्के झाले होते. बंधूंना अजून स्पष्ट बोलता येत नाही; त्यांनी डाव्या हाताने खूण करून आकडा विचारला, आणि तिने तो त्यांना दोनदा सांगितला.